एकाच संगणकातील दुसऱ्या कार्यप्रणालीचे दप्तर कसे उघडावे?



गेल्या पावसाळ्यात एका द्विशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा मला सकाळीच दूरध्वनी आला. त्यांचा स्वर चिंतेचा होता. "साहेब, शाळेचा संगणक दोन दिवस झाले सुरूच होत नाही. विंडोजचे चिन्ह दिसते आणि पडदा काळा होतो. दुरुस्तीवाले म्हणतात, सगळे पुसून नव्याने भरून देतो. पण आत सहा वर्षांचे मुलांचे लेखन आहे. छायाचित्रे आहेत, संकलित मूल्यमापनाचे तक्ते आहेत. ते सगळे जाणार का?"

मी त्यांना एकच प्रश्न विचारला : "संगणक सुरू करताना आरंभी नावांची एक यादी दिसते काय?" त्या म्हणाल्या, "दिसते. उबंटू आणि विंडोज. उबंटू आम्ही कधी उघडत नाही." मी म्हणालो, "मग बाई, दुरुस्तीवाल्यांना थांबवा. आज उबंटू उघडा. तुमचे दप्तर जागच्या जागी असण्याचा पुष्कळ संभव आहे." त्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांनी सर्व लेखन एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. संगणकाची दुरुस्ती त्यानंतर झाली.

या प्रसंगावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचे मनात आले. आपल्या पुष्कळ शाळांतील संगणक देणगीतून अथवा लोकसहभागातून आलेले व वयाने जुने आहेत. विंडोज १० या आवृत्तीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि तिच्या पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांना बहुधा मानवत नाही. त्यामुळे एकाच यंत्रावर विंडोजच्या जोडीला उबंटूसारखी विनामूल्य कार्यप्रणाली बसविण्याचा प्रघात पडला आहे. कार्यप्रणाली म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती. अशा जोडयंत्रावर एका प्रणालीत काम करीत असता दुसरीच्या फाइली पाहता येतात काय, येत असल्यास कशा, आणि त्यात धोका कोठे आहे, हे प्रत्येक शिक्षकाने जाणून घेणे आवश्यक झाले आहे. या विषयाची संपूर्ण शिकवण एका वाक्यात सांगता येईल : दुसऱ्याचे दप्तर निर्धास्त वाचावे, परंतु त्यात लिहिण्यापूर्वी मूळ धन्याने ते नीट मिटले आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. हे असे का, ते आता क्रमाने पाहू.

१. एक इमारत, दोन शाळा

ज्या गावी खोल्या अपुऱ्या असतात तेथे एकाच इमारतीत सकाळची व दुपारची अशी दोन सत्रे भरतात. इमारत एक, फळे तेच, बाके तीच. परंतु सकाळच्या सत्राचे कपाट वेगळे आणि दुपारच्या सत्राचे वेगळे. दोन्ही सत्रे एकाच वेळी कधीही भरत नाहीत. जोडयंत्राची रचना नेमकी अशीच असते. यंत्र एक, पण एका वेळी त्यात एकतर विंडोज जागी असते किंवा उबंटू. प्रत्येकीचे दप्तर आपापल्या कपाटात ठेवलेले असते.

ही कपाटे म्हणजेच हार्ड डिस्कची पार्टिशने होत. आपण त्यांना खण म्हणू. डिस्क वस्तुतः एकच सलग जागा असते. तिच्या आरंभी एक छोटी यादी लिहिलेली असते : पहिला खण येथून येथपर्यंत, दुसरा तेथून तेथपर्यंत. १९८३ पासून घरगुती संगणकांत प्रचारात आलेल्या जुन्या पद्धतीच्या यादीत केवळ चार मुख्य खणांची नोंद मावत असे. अलीकडच्या यंत्रांत जीपीटी नावाची नवी यादी असते व तिच्यात सामान्यतः १२८ खणांची सोय असते. खणांच्या सीमा म्हणजे भिंती नव्हेत, केवळ यादीतील नोंदी होत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. यादीतील नोंद पुसली की खण नाहीसा होतो. त्याला एका क्षणाहून अधिक वेळ लागत नाही.

विंडोज बिघडले म्हणजे पुष्कळ वेळा बिघडते ती केवळ विंडोजची स्वतःची यंत्रणा. दप्तर ज्या जागी होते त्याच जागी पडून असते. सकाळच्या सत्राचे गुरुजी आजारी पडले म्हणून त्यांच्या कपाटातील हजेरीपट जळत नाही. तो दुपारच्या गुरुजींना काढून पाहता येतो, मात्र त्यांना तो वाचता आला पाहिजे. पुढचा सर्व विचार या 'वाचता येण्या'चा आहे.

२. प्रत्येक खणाची दप्तरपद्धती

खणात फाइली कोणत्या रीतीने मांडावयाच्या, त्यांची सूची कोठे ठेवावयाची, कोणती जागा मोकळी आहे याची नोंद कशी करावयाची, याचे ठराविक नियम असतात. या नियमांच्या संचास फाइल सिस्टीम म्हणतात. आपण त्याला दप्तरपद्धती म्हणू. आपल्या जुन्या दप्तरांत मोडीत लिहिलेले कागद आढळतात. ज्याला मोडी येते त्याला तो कागद बोलतो; ज्याला येत नाही त्याला त्या नुसत्या वळणदार रेघा वाटतात. कागद मात्र दोघांच्या हाती तोच असतो. दप्तरपद्धतीचे तसेच आहे.

विंडोजची मुख्य दप्तरपद्धती एनटीएफएस ही होय. ती १९९३ मध्ये विंडोज एनटी या प्रणालीबरोबर आली. उबंटूसारख्या लिनक्स परिवारातील प्रणालींची रूढ पद्धती ईएक्सटी-४ ही असून ती २००८ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात पक्की झाली. फॅट नावाची तिसरी पद्धती या दोहोंपेक्षा जुनी व साधी आहे. तिचे फॅट-३२ हे रूप १९९६ मध्ये आले व ते बहुतेक सर्व यंत्रांना वाचता येते. २००६ मध्ये आलेले एक्सफॅट हे तिचे सुधारलेले भावंड आज मोठ्या पेन ड्राइव्हवर व मेमरी कार्डांवर आढळते.

आता कोणाला काय वाचता येते ते पाहू. उबंटूला ईएक्सटी-४ तर येतेच, शिवाय एनटीएफएस, फॅट व एक्सफॅटही येतात. एनटीएफएसचे संपूर्ण नियम खुलेपणाने प्रसिद्ध झालेले नव्हते. लिनक्सच्या अभ्यासकांनी त्या दप्तराचे बारकाईने निरीक्षण करून ते उलगडले. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा भरवशाचा वाचक-लेखक सिद्ध झाला आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच आणखी एका वाचक-लेखकाचा समावेश झाला. उलटपक्षी, ईएक्सटी-४ चे नियम सर्वांस उघड असूनही विंडोजला ती पद्धती उपजत वाचता येत नाही. म्हणजे उबंटू हे मोडी व बाळबोध दोन्ही जाणणारे गुरुजी आहेत. विंडोजना केवळ आपलीच लिपी येते. पुढील दोन कलमांतील सर्व फरक या एका गोष्टीतून निघतो.

३. उबंटूतून विंडोजचा खण उघडणे

उबंटू सुरू केल्यावर फाइली पाहण्याची खिडकी उघडावी. डाव्या बाजूच्या रांगेत, किंवा काही आवृत्त्यांत 'अदर लोकेशन्स' या नावाखाली, इतर खणांची नावे दिसतात. खणाला नाव दिलेले नसल्यास केवळ त्याचा आकार दिसतो. उदाहरणार्थ, '२५० जीबी व्हॉल्यूम'. त्यावर टिचकी मारली की खण उघडतो. या क्रियेस माउंट करणे म्हणतात. आत 'युजर्स' नावाचे फोल्डर असते, त्यात विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव, आणि त्याच्या आत 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' ही परिचित फोल्डरे सापडतात. विंडोजमधील सी, डी ही अक्षरे येथे दिसत नाहीत, म्हणून गोंधळू नये. ती अक्षरे विंडोजने आपल्या सोयीसाठी दिलेली असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माउंट केल्याने दप्तराची प्रत निघत नाही. समोर दिसते ते प्रत्यक्ष मूळ दप्तर असते. येथे पुसलेली फाइल विंडोजमध्येही पुसली जाते. म्हणून प्रथम हवे ते सर्व पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, उतरविलेल्या दोनचार फाइली उघडून पाहाव्यात, पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढावा, आणि मगच अन्य विचार करावा.

आता धोक्याची जागा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. आपण यंत्र बंद करण्याची आज्ञा देतो, पण विंडोज पुरते बंद होत नाही. आपल्या स्मरणातील मुख्य भाग ते डिस्कवर लिहून ठेवते व पुढच्या वेळी तेच स्मरण उचलून झटपट जागे होते. सकाळच्या सत्राचे गुरुजी हजेरीपट न मिटता, "उद्या येथूनच पुढे लिहीन" असे म्हणून घरी गेले आहेत, अशी कल्पना करा. दुपारच्या गुरुजींनी त्याच पानावर चार नावे घातली. दुसऱ्या दिवशी सकाळचे गुरुजी आले. त्यांनी पान पाहिलेच नाही. कालच्या आठवणीवरून जेथे जागा मोकळी होती असे त्यांना वाटले तेथे ते लिहू लागले. दोघांचेही लेखन एकमेकांत मिसळून हजेरीपट निकामी झाला. डिस्कवर नेमके असेच घडते. यात दोष कोणा एकाचा नसतो. पहिल्याने पान मिटले नव्हते आणि दुसऱ्याने ते पाहिले नव्हते, एवढेच.

सुदैवाने उबंटू येथे सावध असते. विंडोज अर्धवट झोपलेले आढळल्यास ते त्याचा खण केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यासच नकार देते. अशा वेळी रागावून बळजबरीचा उपाय शोधू नये. विंडोज सुरू होत असल्यास ते सुरू करावे आणि पुढीलपैकी एक करावे : बंद करण्याऐवजी 'रिस्टार्ट' निवडून यादीतून उबंटूत यावे, कारण रिस्टार्टच्या वेळी विंडोज आपले दप्तर पूर्ण मिटते; अथवा शिफ्टची कळ दाबून ठेवून 'शट डाउन' करावे. कायमचा उपाय म्हणजे कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणाने काय घडावे ते ठरविण्याच्या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकणे. जोडयंत्र असलेल्या प्रत्येक शाळेने ही खूण आजच काढावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. यंत्र सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

वीज अकस्मात् गेल्यामुळे विंडोजचा खण सदोष झाला असेल तरीही उबंटू असाच नकार देते. अशा वेळी दुरुस्ती विंडोजकडूनच करून घ्यावी; त्यासाठी विंडोजमध्ये 'चेकडिस्क' नावाचे साधन आहे. ज्याचे दप्तर त्यानेच तपासावे, हा नियम येथेही लागू पडतो. विंडोज मुळीच सुरू होत नसेल आणि उबंटूही खण उघडत नसेल, तर जाणकाराकडून तो केवळ वाचण्यापुरता उघडून घ्यावा व दप्तर प्रथम बाहेर काढावे.

यंत्रावर उबंटू बसविलेले नसले तरीही हा उपाय हाती असतो. दुसऱ्या संगणकावर उबंटूचा पेन ड्राइव्ह तयार करून घ्यावा व त्यावरून बंद पडलेले यंत्र सुरू करावे. आरंभी 'ट्राय उबंटू' व 'इन्स्टॉल उबंटू' असे दोन मार्ग दिसतात. आपण केवळ पहिला मार्ग घ्यावा. त्यात डिस्कवर काहीही बसविले जात नाही. दुसऱ्या मार्गाने जाऊन 'इरेज डिस्क' निवडल्यास वाचवावयाचे दप्तर आपल्याच हातांनी पुसले जाईल.

४. विंडोजमधून उबंटूचा खण : माझी एक चूक

आता उलट बाजू पाहू. विंडोजला ईएक्सटी-४ ची लिपी येत नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु न येणे एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. ज्याला मोडी येत नाही तो मनुष्य त्या कागदास रद्दी समजतो, आणि खरा अनर्थ तेथे घडतो.

हे मी दुसऱ्याच्या अनुभवावरून सांगत नाही. २०१८ साली माझ्या देखरेखीखालील एका शाळेत मुलांनी आपापल्या आज्यांच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. त्या एकूण चाळीस झाल्या. त्यांतील कित्येक ओव्या मी स्वतः पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. वर्गशिक्षकांनी त्या उबंटूच्या खणात जपून ठेवल्या. पुढे विंडोजमध्ये जागा कमी पडू लागली. शाळाभेटीस गेलो असता, मला हे काम येते अशा समजुतीने, मी विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडले. तेथे एक मोठा खण दिसला. त्याला अक्षर नाही, नाव नाही, दप्तरपद्धतीच्या रकान्यात काहीच नाही. मला वाटले, ही जागा पडीक आहे. मी तो खण काढून टाकण्याची आज्ञा दिली.

पडद्यावर एक सूचना आली. हा खण विंडोजने तयार केलेला नाही व त्यात इतर कार्यप्रणालींना ओळखू येणारे साहित्य असू शकेल, तरी काढून टाकावा काय, अशा आशयाचा तो स्पष्ट प्रश्न होता. तो प्रश्न मी वाचला नाही. उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न दोनदा वाचावा, असे मुलांना तीस वर्षे सांगत आलेल्या मनुष्याने न वाचता 'होय' म्हटले. मग नवा खण आखला, तो फॉरमॅट केला, आणि भरीस भर म्हणून त्यावर कार्यालयीन फाइलीही उतरविल्या. नंतर जाणकारांनी पुष्कळ प्रयत्न केले. चाळीसपैकी अकरा ओव्या मिळाल्या. ज्यांचा आवाज गेला त्यांपैकी दोन आज्या पुढील वर्षापर्यंत हयात राहिल्या नाहीत.

या चुकीतून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली : विंडोजमध्ये ज्या खणाला नाव वा अक्षर दिसत नाही, तो रिकामा आहे असे कदापि समजू नये. दुसरी : विंडोजने एखाद्या खणाला अक्षर दिलेच आणि तो उघडू जाता "वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करणे आवश्यक आहे" असे सुचविले, तर 'कॅन्सल' म्हणावे. त्या सूचनेचा खरा अर्थ "मला ही लिपी येत नाही" एवढाच असतो. तिसरी : खण चुकून पुसला गेलाच, तर त्या क्षणी यंत्राचे काम थांबवावे. यादीतील नोंद गेली तरी आतील मजकूर बराचसा जागेवर असतो, व तो परत मिळविण्याची साधने आहेत. परंतु त्यावर नवे काही लिहिले की ती आशा मावळते. माझ्या एकोणतीस ओव्या गेल्या त्या बहुतांशी या दुसऱ्या चुकीने. चौथी आणि सर्वांत साधी : ज्या गोष्टीची प्रत एकाच जागी आहे, ती जपलेली नाही असेच समजावे.

मग विंडोजमधून उबंटूच्या फाइली पाहण्याचा मार्गच नाही काय? काही आहेत. विंडोजला ही लिपी शिकविणारी त्रयस्थांची साधने मिळतात. ती वापरावयाची झाल्यास केवळ वाचण्यापुरती वापरावीत. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत लिनक्ससाठी एक अंतर्गत व्यवस्था आहे व तिच्यातून ईएक्सटी-४ ची डिस्क जोडता येते. पण तीत संपूर्ण डिस्कच जोडावी लागते, आणि ज्या डिस्कवर विंडोज स्वतः उभे आहे ती जोडता येत नाही. आपल्या शाळांच्या यंत्रांत बहुधा एकच डिस्क असल्यामुळे हा मार्ग आपल्या उपयोगी पडत नाही. तात्पर्य, पलीकडचे दप्तर पाहावयाचे तर दोन्ही लिप्या जाणणाऱ्या उबंटूकडून पाहावे, हेच श्रेयस्कर.

५. सामाईक खण

ही ये-जा रोजची असेल तर उत्तम उपाय असा की, दोघांनाही वाचता येईल असा एक तिसरा खण आखून घ्यावा व शाळेचे सर्व साहित्य त्यातच ठेवावे. विंडोजचा खण विंडोजसाठी, उबंटूचा उबंटूसाठी, आणि मुलांचे काम सामाईक खणात. उद्या दोहोंपैकी एक प्रणाली नव्याने बसवावी लागली तरी या खणास हात लावावा लागत नाही.

या सामाईक खणासाठी दप्तरपद्धती कोणती निवडावी? फॅट-३२ मध्ये एका फाइलीची मर्यादा ४ जीबी आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाचे चलच्चित्र तेवढ्यात मावेलच असे नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही, परंतु लिहिता लिहिता वीज गेल्यास सावरण्यासाठी लागणारी रोजकीर्द ती ठेवीत नाही. एनटीएफएस अशी रोजकीर्द ठेवते, म्हणून जेथे वीज वारंवार जाते तेथे यंत्रातील सामाईक खणासाठी मी एनटीएफएस सुचवितो. अर्थात् फास्ट स्टार्टअप बंद ठेवण्याची अट येथेही आहेच. पेन ड्राइव्हसाठी एक्सफॅट सोयीचे.

सामाईक खणात फाइलींना नावे देताना थोडे पथ्य पाळावे. उबंटूत अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा तारका घातलेले नाव चालते. विंडोजला ही चिन्हे नावात चालत नाहीत. 'परिपाठ १०:३०' असे नाव दिल्यास पलीकडे अडचण येईल. 'परिपाठ १०-३०' लिहावे. युनिकोड देवनागरीतील नावे दोन्हीकडे व्यवस्थित चालतात.

फाइल उघडली पण आत अगम्य अक्षरे दिसली, असेही कधी घडते. याचा दोष खणाकडे नसतो. ती फाइल बहुधा युनिकोडपूर्व काळातील एखाद्या मराठी टंकाने लिहिलेली असते. असे टंक देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवीत. तो टंक पलीकडच्या प्रणालीत नसला म्हणजे खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. तो टंक मिळवून बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. फाइल खराब झाली असे समजून ती पुसू नये.

६. कुलूप आणि विश्वास

शेवटी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. वरील सर्व वर्णनात विंडोजचा पासवर्ड कोठे आला नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. तो पासवर्ड हा विंडोजच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी आहे. उबंटूच्या वाटेने येणाऱ्यास तो दार भेटतच नाही. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पालकांचे उत्पन्न, एखाद्या बालकाच्या आजाराची वा अपंगत्वाची नोंद, असा मजकूर आपल्या यंत्रांत असतो. 'पासवर्ड आहे, म्हणून सुरक्षित आहे' ही समजूत सोडून द्यावी. यंत्र दुरुस्तीस अथवा बाहेर देताना असा मजकूर आधी काढून घ्यावा.

खऱ्या कुलपास बिटलॉकर म्हणतात. ते लावलेले असता खणातील प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात लिहिले जाते, आणि ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली दिल्यावाचून उबंटूलाच काय, कोणालाही ते वाचता येत नाही. काही नव्या यंत्रांत हे कुलूप आपोआप लागलेले असते व मुख्याध्यापकांना त्याची वार्ताही नसते. म्हणून नवे यंत्र येताच हे तपासावे. कुलूप असल्यास किल्ली कागदावर उतरवून शाळेच्या कायम कागदपत्रांत ठेवावी आणि पदभार देतेवेळी तिची नोंद हस्तांतर-यादीत करावी. किल्ली हरवली तर दप्तर शाबूत असूनही आपल्यासाठी ते नसल्यासारखेच होईल.

दुसऱ्याचा खण उघडता येतो, म्हणून उघडावाच असेही नाही. सहकाऱ्याचे कपाट आपण त्यांना विचारल्याशिवाय उघडत नाही. येथेही तोच संकेत पाळावा.

पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्येक केंद्रातील एका शाळेने आपले जोडयंत्र आणावे. उपस्थित शिक्षकांनी उबंटूतून विंडोजचा खण उघडून एक फाइल पेन ड्राइव्हवर उतरविण्याचा प्रत्यक्ष सराव करावा. अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यास लागणार नाही. आरंभी उल्लेखिलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी हे प्रात्यक्षिक करून दाखविण्याचे मान्य केले आहे. त्या दिवशी वाचविलेल्या लेखनातून त्यांनी चौथीच्या मुलांचे एक हस्तलिखित तयार केले असून तेही त्या परिषदेत पाहावयास मिळेल. त्याच्या मुखपृष्ठामागे त्यांनी एक टीप लिहिली आहे : या हस्तलिखिताच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.